स्फिंक्स वापरताना : नेमके किती डॉक्युमेंटेशन पुरते?

गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनसाठी (म्हणजे वापराच्या लेखी माहितीसाठी) तयार केलेले स्फिंक्स २००८ मध्ये सर्वांना उपलब्ध झाले आणि २०१६ पासून लिनक्स कर्नल या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या प्रकल्पानेही ते स्वीकारले. साध्या मजकुराच्या फायलींपासून संकेतस्थळ, पीडीएफ आणि ईपब बनवणाऱ्या या मोफत साधनाची पारख करताना मी एकच कसोटी लावतो : लिहिलेला मजकूर आजच्या कोडशी जुळतो की नाही, हे ते दाखवते का?

बऱ्याच अंशी दाखवते, आणि म्हणूनच ते मला मनापासून आवडते. डॉकटेस्टची सोय वापरली की पानांवरची उदाहरणे प्रत्यक्ष चालवली जातात आणि उत्तर वेगळे आले तर चाचणी नापास होते. लिंकचेक बाहेरचे तुटलेले दुवे शोधून देतो. कडक तपासणी सुरू ठेवून इशाऱ्यांनाही चूक मानायला सांगितले, तर नाव बदललेल्या फंक्शनचा जुना उल्लेख कुठेतरी राहिला असताना बिल्ड, म्हणजे पाने तयार करण्याची प्रक्रिया, पुढे सरकतच नाही, त्यामुळे कोड बदलणाऱ्यालाच त्याच वेळी ते पान दुरुस्त करावे लागते.

स्फिंक्समधल्या ऑटोडॉक या सोयीबद्दल मात्र माझे मत इतके चांगले नाही. कोडमधील डॉकस्ट्रिंग (फंक्शनसोबतच लिहिलेले त्याचे वर्णन) उचलून तो भराभर पाने तयार करतो आणि कोणत्या फंक्शनला डॉकस्ट्रिंग नाही याची यादीही कव्हरेजच्या सोयीने मिळते. पण टीमने ती यादी रिकामी करणे हेच उद्दिष्ट मानले, की ‘वापरकर्त्याचे नाव परत देते’ अशी, फंक्शनच्या नावातच असलेली माहिती पुन्हा सांगणारी वाक्ये साचत जातात. वाचणाऱ्याला हवे असते ते वेगळेच : वेळमर्यादा सेकंदांत द्यायची की मिलिसेकंदांत, नोंद सापडली नाही तर काय परत येते, तीच विनंती दोनदा गेली तर पैसे दोनदा कापले जातील का. शिवाय हाच डेटाबेस का निवडला आणि दुसरा पर्याय का नाकारला, हे कोणतेही साधन कोडमधून काढून देऊ शकत नाही. त्यासाठी मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली, एकेका निर्णयाची पार्श्वभूमी आणि परिणाम पान-दोन पानांत नोंदवण्याची पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते; निर्णय बदलला तरी जुनी नोंद पुसायची नसते, ती रद्द झाल्याचे लिहून नवी जोडायची असते.

स्फिंक्सच्या फायली ज्या खुणांच्या पद्धतीने लिहितात त्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्टची मांडणी नवख्याला जाचक वाटते, पण मिस्ट पार्सर या जोडणीमुळे मार्कडाउन या सोप्या पद्धतीतही लिहिता येते. बाहेरचे लोक वापरणार असलेल्या, अनेक आवृत्त्यांच्या लायब्ररीसाठी (इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडसाठी) मी स्फिंक्सची निःसंकोच शिफारस करेन. लहान टीमच्या अंतर्गत सेवेला मात्र ती कशी सुरू करायची, बिघडल्यास बॅकअप कसा परत आणायचा आणि मोठे निर्णय कोणते झाले, एवढे कोडशेजारच्या मार्कडाउन फायलींत लिहिलेले पुरते.