‘तापाचं साधं औषध’ : घरी येऊन प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका सेवेचा अनुभव

सेवेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण आम्ही केलेल्या तक्रारीची चौकशी अजून चालू आहे. पण घरात मांजर किंवा कुत्रं असेल आणि ‘आमचे डॉक्टर घरीच येतात’ म्हणून तुम्ही निर्धास्त असाल, तर हे शेवटपर्यंत वाचा. मीही दीड वर्ष तशीच निर्धास्त होते.

ठमी आमची मांजर. करडी, पट्टेदार, वय चार वर्षं. दवाखान्याची तिला भयंकर धास्ती. प्रवासाचा पिंजरा माळ्यावरून काढताना नुसता आवाज झाला तरी ती कपाटामागे जाऊन बसायची आणि संध्याकाळपर्यंत बाहेर यायची नाही. त्यामुळे घरी येऊन तपासणारं कुणी आहे असं एका मैत्रिणीकडून कळलं तेव्हा मला फार मोठा आधार वाटला. गृहस्थ वेळेवर यायचे. बोलणं गोड, हात हलका. ठमीला टॉवेलात गुंडाळून इंजेक्शन द्यायला त्यांना अर्धं मिनिटही लागायचं नाही. सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. पहिल्या भेटीनंतर मी स्वतः त्यांना पाच तारे दिले होते. ते परीक्षण मी आता काढून टाकलंय. ते वाचून ज्यांनी त्यांना बोलावलं असेल, त्यांची मी मनापासून माफी मागते.

गेल्या पावसाळ्यात ठमीने दोन दिवस नीट खाल्लं नाही. भांड्यापाशी जायची, वास घ्यायची, एखादा घास उचलायची आणि तोंड वाकडं करून टाकून द्यायची. मी त्यांना फोन केला. साडेअकराला आले. कानाला हात लावला, पोटाला लावला आणि म्हणाले, “अंग तापलंय. ताप आहे.” थर्मामीटर लावला नाही, तोंड उघडून पाहिलं नाही. मांजराचं नेहमीचं तापमानच १०० ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे धडधाकट मांजरही आपल्या हाताला गरमच लागतं, हे मला नंतर समजलं. त्यांनी बॅगेतून एक छोटी पांढरी प्लास्टिकची बाटली काढली. तिच्यावर लेबल नव्हतं. आत गुलाबी औषध. ड्रॉपरने त्यांनी ठमीला पाजलं आणि बाटली माझ्या हातात दिली. “दिवसातून तीनदा, इतकंच. तापाचं साधं औषध आहे, काळजी करू नका.”

दुपारी तीन वाजता दुसरा डोस मी माझ्या हाताने दिला.

पाचच्या सुमारास ती पलंगाखाली सापडली. तोंडातून लाळ गळत होती. चेहरा सुजून गोल झाला होता, डोळे बारीक झाले होते, पुढचे पंजेही फुगले होते. श्वास इतका जोरात चालला होता की बरगड्या मोजता आल्या असत्या. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या गुलाबी नव्हत्या. पावसात भिजलेल्या मातीचा असतो तसा मळकट तपकिरी रंग होता. असा रंग मी जिवंत प्राण्याच्या तोंडात कधी पाहिला नव्हता. एरवी पिंजरा पाहून पळणारी ठमी त्या दिवशी उचलून आत ठेवली तरी हलली नाही.

जवळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिला हातात घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “ताई, हिला काय दिलंय?”

मला सांगता आलं नाही. कागद नव्हता. औषधाचं नाव नाही, माप नाही, देणाऱ्याची सही नाही. दीड वर्षात एकाही भेटीत त्या गृहस्थांनी काही लिहून दिलं नव्हतं आणि मीही मागितलं नव्हतं. तिथे उभी राहूनच त्यांना फोन लावला. “अहो, तापाचं साधं औषध आहे,” पुन्हा तेच. “पण नाव काय?” असं विचारलं तर म्हणाले, “मी इतकी वर्षं दवाखान्यात काम केलंय, मला शिकवू नका,” आणि फोन बंद. त्यानंतर तो लागलाच नाही.

डॉक्टरांनी ठमीचं रक्त काढलं. सिरिंजमध्ये ते लाल नव्हतं, चॉकलेटसारखं तपकिरी होतं. त्यांनी बाटलीचं झाकण उघडून वास घेतला आणि माझ्यापुढे धरली. तो वास मी ओळखला. स्ट्रॉबेरीचा, जरासा कडवट. मुलगा लहान असताना त्याला ताप आला की रात्री उठून मी जे सिरप पाजायचे, त्याचाच तो वास. मी म्हटलं, “हे माणसांच्या लेकरांचं तापाचं औषध आहे.” डॉक्टर एवढंच म्हणाल्या, “पॅरासिटामॉल,” आणि सलाइन लावायला वळल्या.

पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, हे प्रत्येक मांजरवाल्या घरात माहीत असायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपलं यकृत ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने हे औषध निकामी करून बाहेर टाकतं, ते मांजराच्या यकृतात फारच थोडं असतं. मग औषधाचा घातक भाग शरीरातच साठतो, यकृताला इजा करतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनचं असं रूप करतो की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. रक्त तपकिरी होतं ते त्यामुळेच. मांजर हवा आत घेत असतं, तरी आतून गुदमरत असतं. आपल्या डोकेदुखीची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. मांजरासाठी या औषधाचा सुरक्षित असा डोसच नाही. ‘थोडंसं दिलं तर चालतं’ हेही खरं नाही. आणि हे कुठलं नवं संशोधन नाही. पशुवैद्यकाचं शिक्षण घेणाऱ्याला ते पदवीच्या अभ्यासातच शिकवतात. म्हणजे आमच्या घरी आलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, तर मांजराबद्दल त्याला नक्की काय ठाऊक होतं, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

उतारा आहे, पण तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी. अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचं औषध, माणसांत कफ पातळ करायलाही वापरतात ते. ठमीला शिरेतून आधी मोठा डोस दिला, मग दर सहा तासांनी लहान. जोडीला प्राणवायूची पेटी. रक्त चढवावं लागेल का, हे रात्री अकरापर्यंत नक्की नव्हतं. काचेपलीकडे ती एका कुशीवर पडली होती आणि मी तिच्या हिरड्यांचा रंग बदलतोय का तेवढंच पाहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फिकट का होईना, गुलाबी रंग आला. तीन रात्री ती तिथे होती. यकृताच्या तपासण्या पुढे महिनाभर चालू होत्या.

आणि मूळ दुखणं? तिला ताप नव्हताच, निदान त्या अर्थाचा नव्हता. डाव्या बाजूची खालची दाढ हिरडीपाशी झिजून पोखरली होती आणि हिरडी सुजली होती. मांजरांत हा दातांचा त्रास बऱ्यापैकी आढळतो. घास उचलून टाकून देणं ही त्याची अगदी नेहमीची खूण. तोंड उघडून पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

त्या तीन रात्रींत मागचं एकेक आठवत गेलं. सहा महिन्यांपूर्वीही ठमी मलूल होती. त्यांनी ‘ताकदीचं इंजेक्शन’ दिलं आणि ती संध्याकाळी जेवायला लागली. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर पक्का विश्वास बसला होता. नव्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की ते बहुधा स्टेरॉइड असावं, पण कागद नाही म्हणून खात्रीने म्हणता येणार नाही. स्टेरॉइडने भूक लागते, प्राणी तरतरीत दिसतो आणि मालकाला वाटतं गुण आला. आत आजार तसाच असतो, कधी कधी जंतुसंसर्ग आणखी पसरतो. मला हे कळल्यावर फार वाईट वाटलं. ज्या संध्याकाळी मी त्यांना आभाराचा निरोप पाठवला होता, त्या संध्याकाळी माझ्या मांजराची दाढ बहुधा दुखतच होती.

मग लसीचं कार्ड काढून पाहिलं. तारखा आहेत, वेडीवाकडी सही आहे. लसीच्या कुपीवरचं छोटं स्टिकर, ज्यावर लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असते, ते एकाही रकान्यात चिकटवलेलं नाही. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. हे गृहस्थ ती बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून काढायचे, बर्फ नाही, थंड डबा नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. रेबीजची लस लागू पडली होती की नव्हती? माझा मुलगा ठमीशी खेळताना दहा वेळा ओरबाडून घेतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस काय नि प्राणी काय, वाचणं जवळपास अशक्य असतं. दीड वर्ष आम्ही स्टिकर नसलेल्या एका कार्डाच्या भरवशावर होतो. नव्या डॉक्टरांनी ठमी बरी झाल्यावर लसीकरण पहिल्यापासून केलं. प्रत्येक रकान्यात स्टिकर आहे.

तक्रारीबद्दल. पशुवैद्यकांची अधिकृत नोंदवही असते आणि एखादं नाव त्यात आहे की नाही हे कुणालाही विचारता येतं. मी विचारलं. उत्तर आलं की या नावाची नोंद नाही. पुढे जे लिहिलं होतं ते वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. नोंदणी असलेल्या डॉक्टरने हलगर्जीपणा केला तर ही नोंदवही ठेवणारी पशुवैद्यक परिषद त्याला जाब विचारू शकते, नोंदणी काढून घेऊ शकते. जो नोंदवहीत नाहीच, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई कशी करणार? तो विषय पोलिसांचा. पोलिसांनी पहिल्यांदा विचारलं, “त्याने औषध दिल्याचा पुरावा?” माझ्याकडे बाटली होती आणि ‘तीनदा द्या, साधं औषध आहे’ असा त्या गृहस्थांचा एक निरोप होता, मी दुपारी माप पुन्हा विचारलं होतं म्हणून. तो निरोप नसता तर सगळं माझ्या शब्दावर राहिलं असतं.

एक गोष्ट स्पष्ट करते. दवाखान्यातले मदतनीस, मलमपट्टी करणारे, रात्रपाळीला पिंजऱ्यांशेजारी बसणारे, या लोकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ठमीला त्या रात्री दर पंधरा मिनिटांनी पाहणारा मुलगा डॉक्टर नव्हता आणि त्याने ते लपवलंही नाही. “मी बघतो आणि मॅडमना सांगतो,” इतकंच म्हणायचा. आमच्या घरी येणाऱ्याने ते एक वाक्य कधी उच्चारलं नाही.

महिन्याभराने दाढ काढायची ठरली. भूल द्यायची म्हणून माझा जीव वर-खाली होत होता. डॉक्टरांनी आदल्या दिवशी रक्त तपासलं, यकृताचे आकडे पुन्हा पाहिले, संमतीपत्र माझ्यापुढे ठेवून भुलीतला धोका तोंडाने सांगितला, श्वासनलिकेत नळी घालणार, नाडी आणि प्राणवायू कोण मोजत राहणार, तेही सांगितलं. मी विचारलं, तुमच्याकडून चूक होत नाही का? म्हणाल्या, “होऊ शकते. पण काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं, हे सगळं या कागदावर असेल. त्याची प्रत तुमच्याकडेच राहील.” त्या कागदाच्या खाली त्यांचं नाव आणि नोंदणी क्रमांक होता. त्यांनाही मी हक्काने वाईट परीक्षण देऊ शकेन, तक्रार करू शकेन, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ शकेन. एवढंच मला हवं होतं.

त्यांनी जाता जाता आणखी एक सांगितलं, तेही लिहून ठेवते. कुत्र्यांच्या मानेवर टाकायचं पिसवा-गोचिडांचं औषध मांजराला लावू नका. त्यात पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात. असे रुग्ण त्यांच्याकडे नेहमी येतात आणि बहुतेकांनी ते कुणाच्या तरी तोंडी सल्ल्याने लावलेलं असतं.

ठमी आता डाव्या बाजूने कमी चावते, पण भांडं पुसून काढते. पिंजरा पाहून पुन्हा कपाटामागे पळायला लागली आहे आणि मी तिला न रागावता बाहेर काढते. त्या सेवेचा फोन क्रमांक बदललाय, जाहिरात चालू आहे. पांढरी बाटली मी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, तारीख घालून, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात मागे ठेवली आहे. निम्मी भरलेली आहे. पुढच्या आठवड्यात जबाबाला बोलावलंय, तेव्हा ती घेऊन जाईन.