नक्कल करायला आधी कोण: गर्टिन की कॉटमन?

जलरंगात हात बसू लागला की जुन्या चित्रकारांच्या नकला करून शिकावंसं वाटतं. इंग्रजी ग्रामीण निसर्गचित्रं आवडत असतील, तर दोन चित्रं हमखास समोर येतात: टॉमस गर्टिनचं ‘द व्हाइट हाउस ॲट चेल्सी’ (१८००, लंडनची टेट गॅलरी) आणि जॉन सेल कॉटमनचं ‘ग्रेटा ब्रिज’ (सुमारे १८०५, ब्रिटिश म्युझियम).

गर्टिनच्या चित्रात तिन्हीसांजेची टेम्स आहे. सपाट काठ, मोठं आभाळ, सगळं काळोखाकडे झुकलेलं, आणि पलीकडे एक पांढरं घर. ते घर रंगवलेलंच नाही, तिथे कागद कोरा राखलाय. पाण्यातलं त्याचं प्रतिबिंबही तसंच. शेजारचा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, जरा फिका पडला, की घर उजळायचं थांबतं. गडद-फिक्या छटांचा अंदाज यायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. पण रंगमिश्रण शिकायला गर्टिन नको. त्याने वापरलेली नीळ उजेडाने उडते. त्याच्या कितीतरी चित्रांतलं आभाळ आज तांबूस दिसतं, ते त्याने तसं रंगवलेलं नव्हतं.

कॉटमन १८०५ च्या उन्हाळ्यात यॉर्कशायरमध्ये रोकबीला राहिला होता. तिथलाच हा एका कमानीचा दगडी पूल. पूल, झाडांचे पुंजके, नदीतले धोंडे, प्रत्येकाला सपाट वॉश आणि स्वच्छ कड. कमानीखालची सावली नीट पाहा: तिचा आकार पुलाइतकाच विचार करून बसवलाय. इथे चूक लपत नाही, कड चुकली की लगेच दिसते. नवशिक्याला हेच हवं. मूळ चित्रही ए-फोरपेक्षा जेमतेम मोठं आहे, गर्टिनसारखा हातभर रुंद वॉश सांभाळावा लागत नाही. शिवाय आपल्या गावी, नॉर्विचला परतल्यावर कॉटमन वर्गणी घेऊन आपली चित्रं विद्यार्थ्यांना नकलेसाठी घरी नेऊ द्यायचा, म्हणजे ही त्याचीच शिकवण्याची रीत.

अडचण एकच, धीर. पहिला वॉश पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा लावता येत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही. घाई होत असेल तर हिवाळ्यात करा.

माझा कौल आधी कॉटमनला. आकारांवर हात बसला की गर्टिन घ्या, पण एकाच रंगात, तपकिरी सेपियात. उडालेल्या निळीचा प्रश्नच मग उरत नाही.