शिक्क्याचा मॉनिटर की साधा मॉनिटर आणि कॅलिब्रेटर?

दिवाळी अंकाची मुखपृष्ठं, लग्नाचे अल्बम, लक्ष्मी रोडवरच्या साडीवाल्यांचे कॅटलॉग अशी कामं करणाऱ्या पुण्यातल्या डिझायनरपुढे मॉनिटर घेताना हा पेच येतोच. खोक्यावर ‘डेल्टा ई २ पेक्षा कमी’ लिहिलेला, कारखान्यातच रंग जुळवलेला महागडा मॉनिटर घ्यायचा, की बरा आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारं पॅनल) मॉनिटर घेऊन उरलेल्या पैशांत कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून दुरुस्त करणारं छोटं यंत्र? माझं मत आधीच सांगते: काम छपाईला जाणार असेल, तर दुसरा मार्ग.

डेल्टा ई म्हणजे हवा असलेला रंग आणि स्क्रीनने प्रत्यक्ष दाखवलेला रंग यांच्यातलं अंतर. १ च्या आसपासचा फरक सरावलेल्या डोळ्यालाही जेमतेम कळतो. आकडा कुठल्या सूत्राने काढलाय हेही बघायला हवं, कारण १९७६ चं जुनं सूत्र आणि डेल्टा ई २००० यांची उत्तरं एकाच स्क्रीनसाठी वेगळी येतात. गडद, भडक रंगांत तर फारच.

आता खोक्यातला रिपोर्ट. त्यावर तुमच्या मॉनिटरचा सीरियल नंबर असेल तर तो खरंच तुमच्या नगाचा. नसेल तर तो मॉडेलचा शिक्का, आणि एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघतीलच असं नाही. ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा सरासरीचा असतो. सरासरी दीड आणि एकट्या राणी रंगाला ४ असं सहज होऊ शकतं. पैठणीच्या फोटोत नेमका राणीच रंग चुकला, तर ऑनलाइन घेतलेली साडी परत येते. शिवाय ही अचूकता अनेकदा एखाद्याच मोडपुरती असते, बहुधा एसआरजीबीच्या, म्हणजे वेबसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या रंगकक्षेच्या. काही मॉनिटरमध्ये त्या मोडला ब्राइटनेसही बदलता येत नाही.

पण मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: तो रिपोर्ट कारखान्यातल्या एका दिवसाचा असतो. बॅकलाइट, म्हणजे पॅनलमागचा दिवा, वापराने मंदावतो, पांढरा हळूहळू सरकतो, आणि डोळा त्याला सरावत जातो म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. कॅलिब्रेटर इथे कामी येतो. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवायचा, खोलीतला दिवा स्क्रीनवर पडू द्यायचा नाही, यंत्र स्क्रीनच्या मधोमध लटकवायचं. मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्याच्या छटा, लाल, हिरवा, निळा असे चौकोन एकामागून एक येतात आणि यंत्र ते मोजत जातं. लक्ष्य साधारण असं: पांढरा डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित पांढरा), गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते) २.२, ब्राइटनेस १२० निट (उजेडाचं एकक). छपाईच्या कामाला त्याहून थोडा कमी ब्राइटनेसही चालतो; प्रेसमधून ‘फार गडद आलं’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा स्क्रीनच जास्त उजळ ठेवलेली असते.

या मार्गाला मर्यादा आहेत, त्याही लक्षात घ्या. दुरुस्ती कॉम्प्युटरमधल्या प्रोफाइलमध्ये (स्क्रीनच्या रंगांची नोंद असलेल्या फाइलमध्ये) राहते, त्यामुळे तोच मॉनिटर दुसऱ्या लॅपटॉपला जोडला की ती गेली. आणि जो रंग पॅनलला दाखवताच येत नाही, तो कॅलिब्रेटर कुठून आणणार? गडद मोरपंखी एसआरजीबीच्या कक्षेबाहेर जाऊ शकतो. त्यासाठी अ‍ॅडोबी आरजीबी ही त्याहून मोठी रंगकक्षा जवळपास पूर्ण दाखवणारा मॉनिटरच लागतो. तिथे पैसे वाचवू नका. बजेट असेल तर हार्डवेअर कॅलिब्रेशनवाला घ्या. त्यात दुरुस्ती मॉनिटरच्या आतच साठते. आयझो कंपनीच्या कलरएज सीजी मालिकेत तर सेन्सर मॉनिटरमध्येच बसवलेला असतो.

शिक्क्यांबद्दल थोडक्यात: जर्मनीच्या फोग्रा या छपाई-संशोधन संस्थेचं सॉफ्टप्रूफिंग (छापील रंग स्क्रीनवरच तपासणं) प्रमाणपत्र छपाईवाल्यांच्या उपयोगाचं, कॅलमन व्हेरिफाइड हा शिक्का व्हिडिओवाल्यांच्या. क्रमांकानुसार ठरलेल्या रंगांची यादी देणाऱ्या पँटोनचा शिक्का लोगो-पॅकेजिंगच्या कामाला बरा.

फक्त वेबसाइट, रील्स, सोशल मीडियाच्या पोस्ट करत असाल, तर सीरियल नंबरसह रिपोर्ट येणारा मॉनिटर घ्या, काम भागेल. समोरचा माणूस ते कुठल्या मोबाइलवर बघणार हे तुमच्या हातात नाहीच. नारायण पेठेतल्या प्रेसमध्ये फाइल पाठवणाऱ्याचं तसं नाही. त्याची स्क्रीन चुकली की पूर्ण आवृत्ती चुकते.

कॅलिब्रेटर महिन्यातून एकदाच लागतो, त्यामुळे दोन-तीन स्टुडिओंनी मिळून एक घ्यायलाही हरकत नाही. घेताना एवढंच विचारा, की तुमच्या पॅनलच्या प्रकाशाच्या प्रकारानुसार मोजमाप सुधारणारं करेक्शन त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का. वाइड गॅमट (एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवणारा) एलईडी किंवा ओएलईडी (बॅकलाइटशिवाय स्वतः उजळणारं पॅनल) असेल तर हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.