फोरम रिट्रीट: द्राक्षाचा एक हंगाम उलटल्यावर लिहिलेला अनुभव

उद्योजकांच्या छोट्या गटाने बाहेरचा फॅसिलिटेटर, म्हणजे चर्चा चालवणारा माणूस बोलावून दोन दिवस कुठेतरी लांब जाऊन राहायचं, याला फोरम रिट्रीट म्हणतात. ते खरंच उपयोगी पडतं का, असं मला बरेच जण विचारतात. परत आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, कारण तिथून येताना सगळेच भारावलेले असतात. म्हणून मुद्दाम थांबले. आम्ही ऑक्टोबरात भंडारदऱ्याला गेलो होतो. मधे द्राक्षाचा हंगाम गेला, मार्चअखेरीची धावपळ झाली. आता त्यातलं काय टिकलं ते सांगता येईल.

नाशिकला अंबडमध्ये आमचा कोरुगेटेड बॉक्सचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी उभा केला, आता मी बघते. आमच्या गटात आठ-नऊ जण आहेत, प्रत्येकाचा धंदा वेगळा. महिन्यातून एकदा आम्ही अर्धा दिवस बसतो आणि वर्षातून एकदा रिट्रीट करतो. ही पद्धत आमची नाही. 1950 साली अमेरिकेत रॉचेस्टरला रे हिकॉक या तरुण कारखानदाराने आपल्यासारख्याच तरुण कंपनीप्रमुखांना एकत्र आणलं, त्यातून वायपीओ ही संघटना झाली. 1957 मध्ये मिलवॉकीत रॉबर्ट नोर्स यांनी सुरू केलेला गट पुढे व्हिस्टेज झाला, आणि ईओ ही उद्योजकांची संघटना आली 1987 मध्ये. या सगळ्यांचा गाभा एकच: मालकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मोकळं बोलायला जागा नसते. कामगारांसमोर बोलता येत नाही, बँकेसमोर तर नाहीच, आणि घरी बोललं तर घरचे धास्तावतात. आमचा गट यांपैकी कुठल्याच संघटनेचा नाही, पण नियम तिथलेच घेतलेत.

पहिला नियम गोपनीयतेचा. खोलीत बोललेलं खोलीबाहेर जायचं नाही, नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगायचं नाही. त्यामुळे इथे मी फक्त माझंच सांगणार आहे. इतरांनी काय मांडलं, माझ्या विषयावर स्वतःचे कोणते प्रसंग सांगितले, ते त्यांचं आहे.

दुसरा नियम, आपसात धंदा नाही. बीएनआयसारख्या व्यावसायिकांच्या गटात एकमेकांना रेफरल देणं, म्हणजे गिऱ्हाईक सुचवणं हाच उद्देश असतो आणि त्याचा फायदाही होतो, मी स्वतः तिथून गिऱ्हाइकं मिळवली आहेत. पण ज्याच्याकडून माझं बिल यायचं आहे, त्याच्यासमोर मी माझी पैशांची ओढाताण सांगू शकणार नाही. गटातल्या एकांना महिन्याला भरपूर बॉक्स लागतात. ते दुसरीकडून घेतात आणि ते तसंच चालू राहावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरा नियम सगळ्यांत अवघड: सल्ला द्यायचा नाही. ‘तुम्ही असं करा’ हे वाक्यच बंद. ‘माझ्याकडे असं झालं होतं, तेव्हा मी हे केलं आणि पुढे हे झालं’ एवढंच बोलायचं. आपण मराठी माणसं तर ओळख झाल्याच्या पाचव्या मिनिटाला सल्ला देतो. दरमहाच्या बैठकीत हा नियम आमच्याकडून पुन्हा पुन्हा मोडतो, कारण मॉडरेटर, म्हणजे बैठक चालवणारा, आमच्यातलाच असतो आणि मोठ्या वयाच्या माणसाला मधेच थांबवायला तो बिचकतो. फॅसिलिटेटर बाईंना ती अडचण नव्हती. कुणी ‘ताई, तुम्ही सरळ...’ म्हणून सुरुवात केली की त्या शांतपणे हात वर करायच्या आणि म्हणायच्या, ‘तुमच्याकडे कधी असं झालं होतं?’ पहिल्या दिवशी दुपारपर्यंत लोक वैतागले होते. संध्याकाळी त्यांनी हात वर करायच्या आधीच बोलणारा स्वतः थांबून वाक्य बदलायला लागला. फॅसिलिटेटरला दिलेली फी माझ्या लेखी तिथेच वसूल झाली.

पहिल्या दिवशी सकाळी जीवनरेषा काढायची होती. चार्ट पेपरवर आडवी रेघ, जन्मापासून आजपर्यंत. चांगलं झालं ते रेघेच्या वर, वाईट ते खाली, आणि मग तो कागद भिंतीला लावून सगळ्यांसमोर सांगायचं. माझ्या रेघेखालचा सर्वांत खोल खड्डा कारखान्याच्या तोट्याचा नव्हता, तो मी इंजिनिअर झाले त्या वर्षाचा होता. आप्पांनी तेव्हा कारखान्यात येण्याबद्दल धाकट्या भावाला विचारलं होतं, मला नाही. भाऊ पुढे कॅनडाला गेला आणि मी आपोआप त्या खुर्चीत आले.

दुपारी मी विषय मांडला तो मात्र वेगळाच होता. आप्पांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, तरी रोज कारखान्यात येतात. मी लावलेलं दिवसाचं प्लॅनिंग त्यांच्या एका फोनने बदलतं. दिंडोरीच्या कुणा जुन्या बागायतदाराचा फोन आला की सुपरवायझरला थेट हुकूम, ‘यांचा माल आधी काढा’. मग चालू मशीन थांबवायचं, डाय (साचा) बदलायचा, आणि ज्याला मी आजची तारीख दिलेली असते तो माझ्या नावाने ओरडतो. हे सगळं मी आकड्यांसह नीट मांडलं. त्यावर शंका विचारायच्या वेळी एकाने एवढंच विचारलं, ‘आप्पांनी तुम्हाला कारखाना दिला, असं तुम्हाला वाटतं का?’ मला पटकन उत्तर देता आलं नाही. खोलीतही कुणी मधे पडलं नाही, आणि ती शांतता बाईंनी भरून काढली नाही. मग मी ‘नाही’ म्हणाले आणि भिंतीवरच्या माझ्याच कागदाकडे बघितलं. पुढचा तासभर गिअर, गोठे, दवाखाने, शाळा अशा ठिकठिकाणच्या बापलेकांच्या, भावाभावांच्या गोष्टी ऐकल्या. एकाही गोष्टीत मला उपदेश नव्हता.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने एकच गोष्ट लिहायची होती, तारखेसकट. मी लिहिलं: दिवाळीच्या आत आप्पांशी बोलणार, प्लॅनिंगबद्दल नाही, त्या वर्षाबद्दल. बोलले. आप्पा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘तुला विचारायचं राहून गेलं खरं. तू आधीच कामाला लागली होतीस.’ एवढंच. मिठी, अश्रू असं काही झालं नाही. पण त्यानंतर कामाच्या वाटणीचं बोलणं सोपं गेलं. बॉक्ससाठी लागणाऱ्या क्राफ्ट पेपरची खरेदी त्यांच्याकडे राहिली. वापीच्या मिलवाल्यांशी भाव करण्यात आणि रीलवर हात फिरवून माल ओळखण्यात आजही त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. फ्लोअरचं प्लॅनिंग माझ्याकडे आलं.

हंगामात याची खरी परीक्षा झाली. जानेवारीपासून निफाड, दिंडोरी, पिंपळगाव सगळीकडून द्राक्षाच्या बॉक्सना एकदम मागणी येते. फेब्रुवारीत आप्पांना एका जुन्या माणसाचा फोन आला आणि त्यांनी सुपरवायझरऐवजी मला फोन लावला. ‘यांना उद्या माल हवाय, जमेल का?’ मी म्हटलं, परवा सकाळी देते. त्यांनी तसं कळवून टाकलं. ही व्यवस्था दोनदा मोडलीही, मी वाढवून सांगत नाही. पण आधी जे रोज व्हायचं ते आता सांगण्याइतकं क्वचित होतं.

हे रिट्रीटमुळे झालं की पुढच्या बैठकांमुळे? माझं स्पष्ट मत आहे की बैठकांमुळे टिकलं. नोव्हेंबरच्या बैठकीत पहिला प्रश्न ‘बोललात का?’ हाच होता, आणि उत्तर ‘नाही’ द्यायला मला नको होतं. गट दरमहा भेटत नसेल तर रिट्रीटवर खर्च करू नका. चार चांगले फोटो मिळतील आणि कागद कपाटात जातील.

जे आवडलं नाही तेही लिहिते. वेळापत्रक फार भरगच्च होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांना चालवायचा खेळ दुसऱ्या दिवशी काढून टाकला असता तर बरं झालं असतं, तोवर विश्वास बसलेलाच होता आणि दोघांचे विषय वेळेअभावी घाईत उरकले गेले. सुरुवातीचं सत्र पूर्ण इंग्रजीत झालं. हिशेब, मार्जिन, मशीन यांच्यावर आम्ही इंग्रजीत बोलू शकतो, पण बापाबद्दल बोलताना सगळे मराठीवर आले, आणि बाईंना मराठी समजत असलं तरी बोलताना त्या अडखळत होत्या. फॅसिलिटेटर ठरवताना आधी अर्धा तास फोनवर मराठीत बोलून बघा. त्यांनी आधी मालक-चालकांच्या गटांबरोबर काम केलंय का तेही विचारा. कंपनीतल्या टीम बिल्डिंगचा अनुभव इथे पुरत नाही, कारण आमच्यापैकी कुणाला बॉस नाही आणि उठून निघून जायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक. ही खोली उपचाराची नाही. झोप उडाली आहे, मन खचलं आहे, घरात ताजं दुःख आहे, अशा वेळी आधी डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जावं. चांगला फॅसिलिटेटर हे स्वतःहून सांगतो. आमच्या बाईंनी जायच्या आधी प्रत्येकाला वेगळा फोन करून हे विचारलं होतं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटलं.

खर्च राहणं, जेवण आणि फी धरून माणशी पंचवीस हजारांच्या आसपास आला. गट लहान असेल तर फीचा वाटा वाढतो. सहापेक्षा कमी जण असतील तर गोष्टी कमी पडतात, दहाच्या वर गेले तर प्रत्येकाला पुरेसा वेळ मिळत नाही. नाशिकवाल्यांनी तारीख सप्टेंबर-ऑक्टोबरमधलीच धरावी. छाटणीचे दिवस सुरू असले तरी बॉक्सवाले, कोल्ड स्टोरेजवाले, ट्रान्सपोर्टवाले तेव्हा थोडे मोकळे असतात. आमची यंदाची तारीख ठरली आहे, पट्टी बांधायचा खेळ यादीतून काढला आहे, आणि या वेळचे फॅसिलिटेटर सांगलीचे आहेत.