जॉबकार्डावर न उमटलेला बिघाड

कोल्हापूर शहराबाहेर महामार्गालगत असलेल्या एका अधिकृत सेवा केंद्रात जून 2023 ते ऑगस्ट 2024 या काळात मी सात वेळा गाडी घेऊन गेलो. सातही वेळा तक्रार एकच होती, आणि त्यांपैकी सहा वेळा गाडी ‘ओके आहे’ असे सांगून, धुऊन-पुसून, टायरना काळे पॉलिश लावून परत देण्यात आली. केंद्राची इमारत, बसण्याची सोय किंवा चहा यांविषयी माझे काही म्हणणे नाही. वातानुकूलित खोलीत बसून काचेपलीकडे लिफ्टवर चढलेली आपली गाडी पाहता येते. मात्र काचेपलीकडे जाण्यास ग्राहकाला मनाई आहे.

गाडी 2022 च्या दसऱ्याला घेतली. घेताना विक्री प्रतिनिधीला मी माझा वापर स्पष्ट सांगितला होता: राजारामपुरीतून विद्यापीठाच्या परिसरात रोज जाऊन-येऊन जेमतेम आठ किलोमीटर आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कोकण. त्यावर त्याने डिझेल गाडीच सुचवली, कारण ‘अ‍ॅव्हरेज चांगले पडते’. 1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुरासाठी बीएस-6 निकष लागू झाले, तेव्हापासून नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यात साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, त्यासाठी धुराचे तापमान सुमारे 600 अंशांपर्यंत चढावे लागते आणि सायबर चौकातल्या सिग्नलला थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत ते सहसा चढत नाही, यातले एक अक्षरही त्याने उच्चारले नाही. ही माहिती मला आठ महिन्यांनी मिळाली, तीही समोरच्या पॅनेलवर या फिल्टरचा पिवळा दिवा लागल्यानंतर.

पहिल्या खेपेला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हसून म्हणाला, “सर, गाडी जरा हायवेला ताणा की. तिसऱ्या गिअरला साठ-सत्तरनं वीस मिनिटं पळवा, दिवा आपोआप जातोय.” सल्ला चुकीचा नव्हता. अडचण अशी, की कागल ते सातारा या टप्प्यात सहापदरीकरणाचे काम चालू असल्याने शहराबाहेर पडताच वळणरस्ते, अर्धवट उड्डाणपूल आणि धूळ यांतून वीस मिनिटे सलग साठच्या वेगाने जाणे शक्य होत नसे. म्हणून कागल ओलांडून निपाणीच्या दिशेने जावे लागे, वाटेत कोगनोळीचा टोल जाता-येता भरावा लागे. काही महिने आमच्या रविवारच्या सकाळी गाडीला फिरवून आणण्यात गेल्या. शेजाऱ्यांकडे कुत्रा आहे. त्यांना आणि मला एकाच वेळी घराबाहेर पडावे लागत असे.

तरीही दिवा तीन-चार आठवड्यांनी परत लागे. मग सेवा केंद्रात स्कॅनर जोडून काजळी सक्तीने जाळली जाई आणि सुमारे अठराशे रुपयांचे बिल हातात पडे. वॉरंटी तीन वर्षांची असताना पैसे कशाचे, असे विचारले की उत्तर ठरलेले असे: हा दोष नाही, ही वापराची पद्धत आहे. ज्या वापराची मी खरेदीपूर्वीच कल्पना दिली होती, तोच वापर आता माझा अपराध ठरला होता.

जानेवारी 2024 मध्ये मालवणहून परतताना फोंडा घाटाच्या चढावर गाडीची ताकद एकाएकी गेली. इंजिन वाचवण्यासाठी गाडी स्वतःच वेग मर्यादित करते, त्याला हे लोक ‘लिम्प मोड’ म्हणतात. पाय कितीही दाबला तरी काटा चाळीसच्या पुढे सरकत नव्हता, मागे मालवाहू गाड्यांची रांग लागली होती आणि मोबाइलला रेंज नव्हती. दाजीपूरच्या जंगलातून दिवस मावळताना गव्यांकडे लक्ष ठेवत, सासूबाईंच्या अखंड नामजपाच्या साथीने आम्ही कसेबसे राधानगरी गाठले. तिथून मदतवाहिनीला फोन केला, तर गाडी उचलून न्यायला तीन तास लागतील असे कळले. त्याच वेगाने आम्ही रात्री उशिरा कोल्हापुरात पोहोचलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच स्कॅनर, तोच ‘ओके’.

त्यानंतर मी स्वतः ऑइलची पट्टी काढून पाहू लागलो. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली होती आणि ऑइलला डिझेलचा वास येत होता. काजळी जाळण्यासाठी जादा सोडलेले डिझेल, ती प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली की, इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते आणि इंजिनची झीज वाढते. पाचव्या भेटीत हे निदर्शनास आणून दिले, तेव्हा मिळालेले उत्तर मी विसरू शकत नाही: “जास्तच आहे की सर, कमी तर नाही ना?” ऑइल बदलून दिले आणि त्याचेही पैसे घेतले.

सहाव्या भेटीनंतर मी वकिली करणाऱ्या एका मित्राकडे गेलो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि त्याआधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, हे त्याने सांगितले. पण सर्वांत आधी त्याने सगळी जॉबकार्डे, म्हणजे गाडी आत घेताना ग्राहकाची तक्रार लिहून सही घेतात ते कागद, मागितली. ती टेबलावर ओळीने मांडली, तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आले की सहापैकी चार कार्डांवर ‘जनरल चेकअप’ आणि दोनांवर ‘ग्राहकाच्या विनंतीनुसार वॉशिंग व तपासणी’ एवढेच लिहिले होते. दिवा, घाट, गेलेली ताकद, डिझेलचा वास, यांपैकी काहीही कुठे नव्हते, आणि प्रत्येक कार्डाखाली माझी सही होती. कागदोपत्री माझी गाडी सहा वेळा केवळ हौसेखातर तिथे गेली होती.

सातव्या वेळी मी टॅबलेटवर सही करण्यापूर्वी तक्रार माझ्या शब्दांत, तारखा आणि किलोमीटरच्या आकड्यांसह लिहायला लावली. अ‍ॅडव्हायझरने ‘सिस्टिममध्ये एवढे बसत नाही’ असे सांगून पाहिले. मी कागदावर लिहून त्यावर पोच मागितली. अर्ध्या तासाने फ्लोअर मॅनेजर आला, आणि त्यानंतर चौदा महिन्यांत प्रथमच, प्रत्यक्ष काम करणारा तंत्रज्ञ माझ्याशेजारी बसून गाडी चालवायला निघाला.

हा पंचविशीतला मुलगा होता. त्याने मला दहा-बारा प्रश्न विचारले: दिवा थंड गाडीत लागतो की गरम, चढावर लागतो की सपाटीला, त्याआधी पंखा बराच वेळ चालू राहतो का. सहा खेपांत हे कोणीही विचारले नव्हते. परत आल्यावर त्याने गरम इंजिनवरच टॉर्च मारून फिल्टरच्या दाबमापकाला जाणारी करंगळीएवढी रबरी नळी दाखवली. तिला बारीक चीर होती. थंड असताना ती मिटलेली राही आणि गरम झाल्यावर उघडे. त्यामुळे फिल्टरमधला दाब प्रत्यक्षाहून कमी नोंदला जाई, काजळी जाळण्याची वेळ टळे, आणि फिल्टर पुरता तुंबल्यावरच दिवा लागे. माझ्या छोट्या फेऱ्यांनी त्यात भर घातली होती, हे मी नाकारत नाही. पण मूळ दोष त्या नळीत होता. तिची किंमत पाचशे रुपयांच्याही आत होती आणि ती वॉरंटीत बदलली गेली. मी थक्क झालो ते त्याच्या पुढच्या वाक्याने. माझी गाडी याआधी दोनदा त्याच्याच हाताखालून गेली होती, पण त्याच्या कार्डावर ‘चेकअप’ लिहिलेले असल्याने त्याने हवा, पाणी आणि ब्रेक तपासून ती सोडून दिली होती.

आधी घेतलेल्या पैशांविषयी मी लेखी मागणी केली. ऑइलची रक्कम परत मिळाली नाही. तेवढ्या किमतीचे, पुढच्या सर्व्हिसिंगला वापरायचे कूपन मिळाले. सक्तीने काजळी जाळण्याच्या बिलांविषयी ‘वरून मंजुरी’ अजून आलेली नाही. समाधान विचारणारा फोन मात्र दुसऱ्याच दिवशी आला आणि त्याआधी अ‍ॅडव्हायझरचा: “सर, दहापैकी दहा द्या, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापतात.” मी तंत्रज्ञाला दहा आणि केंद्राला दोन दिले. फोनवरच्या मुलीने नम्रपणे सांगितले की गुण वेगवेगळे देण्याची सोय नाही.

त्याला आता पाच महिने झाले. दिवा एकदाही लागलेला नाही, ऑइलची पातळी जागच्या जागी आहे आणि फोंडा घाट दोनदा चढून झाला. कूपन वापरावे म्हणून गेल्या आठवड्यात फोन केला आणि त्याच तंत्रज्ञाकडे गाडी द्यावी अशी विनंती केली. तो नोकरी सोडून गेल्याचे कळले. मी तारीख घेतलेली नाही.