पायडँटिक-सेटिंग्ज: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमचं वेब अ‍ॅप दूध संकलन केंद्रांसाठी आहे. उत्पादकानं दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) आणि दर असा मेसेज त्याच्या मोबाइलवर जातो. गेल्या वर्षी नवीन सर्व्हरवर अ‍ॅप चढवलं आणि दोन दिवस एकही मेसेज गेला नाही. लॉगमध्ये एरर नव्हती. एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे सर्व्हरवर कोडच्या बाहेर ठेवलेल्या सेटिंग्जमध्ये, 'एसएमएस टेस्ट मोड'समोर 'फॉल्स' असंच लिहिलेलं होतं. पण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे नुसती अक्षरं, आणि पायथॉनच्या लेखी रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरीच. त्यामुळे टेस्ट मोड चालूच राहिला आणि खरे मेसेज गेलेच नाहीत. दहा दिवसांच्या बिलाचा ताळा लोक त्या मेसेजवरूनच घालतात. त्यांचे फोन आले तेव्हा आम्हाला कळलं, याचं मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात हाताने व्हेरिएबल वाचणारा सगळा कोड काढून पायडँटिक-सेटिंग्ज ही सेटिंग्ज वाचून त्यांचे टाइप तपासणारी पायथॉन लायब्ररी लावली. एक क्लास लिहायचा, त्यात प्रत्येक सेटिंगचं नाव आणि टाइप द्यायचा. 'फॉल्स', 'नो', 'ऑफ', '०' यांतलं काहीही आलं तरी बूलियन (हो किंवा नाही असा टाइप) फॉल्सच होतो. पोर्टच्या जागी अक्षरं आली तर तिथेच एरर येते. सेटिंगची किंमत (व्हॅल्यू) कुठून घ्यायची याचा क्रमही ठरलेला आहे: क्लास बनवताना थेट दिलेली, मग एन्व्हायर्नमेंट, मग डॉट-एन्व्ह फाइल (सेटिंग्ज लिहून ठेवलेली साधी फाइल), मग सीक्रेट्सचं फोल्डर, शेवटी डीफॉल्ट. सर्व्हरवर चुकून डेव्हलपमेंटची फाइल राहिली तरी खऱ्या एन्व्हायर्नमेंटमधलीच किंमत जिंकते. हा क्रम मला आजवर एकदाही बदलावा लागला नाही. एक सांगून ठेवते: २०२३मध्ये पायडँटिक या मूळ लायब्ररीची दुसरी आवृत्ती आली तेव्हा हा भाग वेगळ्या पॅकेजमध्ये गेला, त्यामुळे जुन्या ट्युटोरियलमधली इम्पोर्टची ओळ आता चालत नाही.

खरा धडा दुसऱ्या महिन्यात मिळाला. फास्टएपीआय या पायथॉन वेब फ्रेमवर्कच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सेटिंग्ज देणारं एक फंक्शन असतं, त्यावर एलआरयू-कॅश (पहिलं उत्तर जपून पुन्हा तेच देणारी सोय) लावतात आणि ते डिपेंडन्सी म्हणून रूटला, म्हणजे एकेका पत्त्यामागच्या कोडला, देतात. मीही तसंच केलं. डेटाबेसचा पत्ता भरायचा राहिला होता, तरी अ‍ॅप छान उभं राहिलं, हेल्थ चेकही (अ‍ॅप चालू आहे का ही तपासणी) हिरवा. कारण ते फंक्शन पहिली रिक्वेस्ट येईपर्यंत कोणी बोलावतच नव्हतं, आणि हेल्थ चेकच्या रूटला सेटिंग्जची गरज नव्हती. पहिल्या केंद्रानं लॉगिन केलं आणि पाचशेची (सर्व्हरमध्येच बिघाड असल्याची) एरर आली. म्हणजे टाइप तपासणारी लायब्ररी घेऊनही तपासणी ग्राहकाच्या रिक्वेस्टवरच होत होती! आता लाइफस्पॅनमध्ये (अ‍ॅप सुरू होताना चालणाऱ्या कोडमध्ये), अ‍ॅप एकही रिक्वेस्ट घेण्याआधी, ते फंक्शन एकदा बोलावते. एकाच ओळीचा बदल आहे, आणि तो सगळ्यांनी करावा असं मला मनापासून वाटतं. टेस्टमध्ये मात्र ती कॅश साफ करायला विसरू नका, नाहीतर आधीच्या टेस्टच्या सेटिंग्ज पुढच्या टेस्टला मिळतात.

तक्रारीही आहेत. यादीची किंमत एन्व्हायर्नमेंटमध्ये डीफॉल्टनं जेसन (कंस आणि अवतरणचिन्हांचा ठरावीक साचा) म्हणून लिहावी लागते. स्वल्पविराम देऊन होस्ट (सर्व्हरची नावं) लिहिले की अ‍ॅप पडतं. डॉट-एन्व्ह फाइलमध्ये क्लासला माहीत नसलेलं नाव असेल तर डीफॉल्टनं एरर येते, पण फाइलच जागेवर नसेल तर एक शब्दही येत नाही. मला हे उलटं वाटतं. डॉकरच्या, म्हणजे अ‍ॅप कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनाच्या, एन्व्ह-फाइल पर्यायाचा त्रास वेगळा: तो किंमतीभोवतीचे अवतरणचिन्ह काढत नाही, त्यामुळे लॅपटॉपवर चालणारा पासवर्ड कंटेनरमध्ये नाकारला जातो. यात लायब्ररीचा दोष नाही, पण माझी एक अख्खी दुपार त्यात गेली.

सगळ्यात गंभीर गोष्ट एररच्या मजकुराची. एखादं सेटिंग नसेल तर मेसेजमध्ये मिळालेला इनपुटही छापला जातो, आणि त्यात बाकीच्या सेटिंग्जचे तुकडे असतात. पासवर्डला सीक्रेट-स्ट्रिंगचा टाइप दिला तरी इथे तो झाकला जाईलच असं नाही, कारण हा तपासणीआधीचा कच्चा इनपुट असतो. आमच्या लॉगमध्ये एपीआय कीचा (बाहेरची सेवा वापरायच्या गुप्त किल्लीचा) भाग दिसला तेव्हा ती की लगेच बदलली आणि कॉन्फिगमध्ये 'हाइड इनपुट इन एरर्स' चालू केलं. हे डीफॉल्टनंच चालू हवं होतं.

तरीही मी हेच वापरत राहणार. आता डिप्लॉय करताना जुना कंटेनर बंद करण्याआधी नव्या इमेजमध्ये (ज्यातून नवा कंटेनर बनतो) फक्त सेटिंग्जचा क्लास बनवून पाहणारी एक कमांड चालते. गेल्या महिन्यात एसएमएसची की भरायची राहिली होती, ते त्या कमांडनं रात्री साडेदहाला सांगितलं. सकाळचं संकलन पाचला सुरू झालं तेव्हा मेसेज जात होते.