टीओडी मीटर आणि त्याचं ॲप: नऊ महिन्यांचा अनुभव

जळगावात आमच्या घरी टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर, म्हणजे दिवसाच्या कुठल्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारं मीटर, लागून नऊ महिने झाले. आधी चांगलं सांगते. रीडिंगवाल्याची वाट बघणं संपलं, अंदाजे बिलंही थांबली. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापराला जुलै २०२५ पासून युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे, म्हणून कपडे आणि इस्त्री मी दुपारीच उरकते.

ॲपमध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाचा आलेख दिसतो. तो वाचता यायला लागला आणि मी धास्तावले. नळाच्या दिवशी पहाटे मोटर लावली की उंच टोक. मे महिन्यात कूलर रात्रभर, रेघ खाली येतच नाही. दुपारी सासूबाई एकट्या असतात तेव्हा पंखा-फ्रिजची बारीक रेघ. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही सगळे चार दिवस अमळनेरला होतो, ते चार दिवस सपाट. घराला कुलूप होतं हे कुणीही बघून सांगेल.

म्हणूनच घरावर सोलर बसवायच्या वेळची गोष्ट मनाला लागली. किती किलोवॉट लागतील ते काढायला विक्रेत्याला वर्षाचा वापर हवा होता. रास्त आहे. पण तो म्हणाला, "ताई, ओटीपी सांगा फक्त, दोन मिनिटांचं काम." मी सांगितला, त्याने आपल्या मोबाईलवर ॲपमधलं आमचं खातं उघडलं. काम दुसऱ्याला दिलं, पण पहिल्याच्या मोबाईलवर आमचं खातं अजून उघडं आहे का, हे ॲपमध्ये कुठेच कळेना. पासवर्ड बदलला, तरी रुखरुख राहिली.

मला एवढंच हवं: कुणाला, कुठल्या महिन्यांचं आणि किती दिवस दाखवायचं हे मी ठरवावं, आणि नको वाटलं की एका बटणात बंद करावं. हे अशक्य नाही. अमेरिकेत २०१२ पासून 'ग्रीन बटन' आहे, ग्राहक आपल्या वापराची माहिती स्वतः डाउनलोड करून घेतो. ब्रिटनमध्ये पुरवठादाराला अर्ध्या-अर्ध्या तासाचं वाचन द्यायचं की त्याहून कमी तपशिलाचं, हे ग्राहकाला निवडता येतं. आपल्याही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं. मग ॲपमध्ये ते बटण का नसावं?

मीटरला चार तारे, ॲपला दोन.

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकांकडे सोलरवाला आला, त्यानेही ओटीपीच मागितला. मी मध्ये पडले, काकांचं बिल काढून त्यावरचा मागच्या महिन्यांच्या युनिटांचा तक्ता पुढे केला. हिशेब तेवढ्यावरच झाला.